इटा कॅरिनीचे गॅमा किरण आणि व्हॉट्सअॅपची घबराट

‘इटा कॅरिनी तारा इतका तापलाय की त्याच्या पृष्ठभागातून गॅमा किरण सुटतायत. ते रोज वाढतायत, पृथ्वीवर पोचतायत आणि स्फोट झाला की आपण संपलो.’ हा मजकूर मला तीन ग्रुपवरून आला. त्यातले गॅमा किरण तेवढे खरे.

आधी पृष्ठभागाचं. मुळात हा एक तारा नाही, जोडी आहे. त्यातल्या गरम धाकट्याचा पृष्ठभाग सुमारे ४० हजार अंशांचा. एवढ्यावर मुख्यतः अतिनील प्रकाश निघतो. क्ष-किरणांना लाखो अंश लागतात. ते येतात वाऱ्यातून. या ताऱ्यांचा प्रकाशच इतका जबरदस्त की बाहेरच्या थरातला वायू तो अवकाशात ढकलत राहतो. थोरल्याचा वारा दाट, सेकंदाला चार-पाचशे किलोमीटरचा. धाकट्याचा विरळ, पण सेकंदाला ३,००० किलोमीटरचा. दोन्ही समोरासमोर आदळतात तिथे वायू कोट्यवधी अंश तापतो, क्ष-किरण सोडतो. शिवाय तिथले काही कण जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळू लागतात. असा इलेक्ट्रॉन ताऱ्याच्या साध्या प्रकाशकणाला टोला हाणतो आणि त्याचा गॅमा किरण होतो.

रोज वाढतायत? दोघांचा फेरा साडेपाच वर्षांचा. जवळ येताना क्ष-किरण वाढतात आणि अगदी जवळ आले की काही आठवडे जवळजवळ गायब होतात. २००३, २००९, २०१४, २०२०, दर वेळी हेच झालं. नुसता चढाचा तुकडा दाखवला तर कुणीही घाबरेल.

पोचतात, पण वातावरणाच्या वरच्या थरांपर्यंतच. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनाही ते थेट दिसत नाहीत. गॅमा किरण हवेत शिरून विरतो तेव्हा कणांचा वर्षाव होतो आणि क्षणभर निळसर लकाकी उमटते, ती त्या टिपतात. लडाखमधली मेस दुर्बीणही अशीच चालते, मात्र तिथून हा तारा उगवतच नाही.

स्फोट होणार, मान्य. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. पण अंतर सुमारे ७,५०० प्रकाशवर्षं आहे, आणि स्फोटातून सुटणाऱ्या गॅमा किरणांच्या ज्या झोताची भीती घालतात त्याचा अक्ष आपल्याकडे रोखलेला नाही. १८४३ मध्ये याच्या उद्रेकामुळे तो व्याधाखालोखाल तेजस्वी झाला होता. तेव्हा इथे कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

बघायचाच असेल तर एप्रिलमध्ये रात्री नऊला कोकणातून दक्षिणेकडे, त्रिशंकूच्या उजवीकडे बायनॉक्युलर लावा. क्षितिजालगत धुरकट डाग दिसतो, त्यातच हा आहे. मला तीन खेपांत एकदाच दिसला. दोनदा दमट हवेने खाल्ला.