सांडा, मी आणि भाड्याचा फेटा

वाळवंटातला सांडा उभ्याने पाहता येत नाही. मार्चचे ऊन जमीन तापवू लागले, की थंडीभर बिळात निजून राहिलेला हा काटेरी शेपटीचा सरडा आधी नुसते डोके बाहेर काढतो. आणि त्या वेळी हलणारी कोणतीही सावली त्याला लग्गड ससाण्याइतकीच भयंकर वाटत असल्यामुळे, त्याला पाहू इच्छिणाऱ्याने बिळापासून दहा-बारा हातांवर पालथे पडून, नाकातोंडात धूळ घेत, दगडाचा आव आणणे एवढाच मार्ग उरतो. मागच्या आठवड्यात जैसलमेरपलीकडे, सम गावाजवळच्या कडक माळावर मी हाच आव आणून पडलो होतो. सांड्याचे डोके बाहेर आले होते, रात्रभर थंडावलेल्या अंगाचा काळपट रंग उन्हात फिकट होऊ लागला होता, आणि इतक्यात माझ्या पाठीमागून आवाज आला, “भाईसाब, कुछ हरवला क्या?”

मान वळवून पाहिले, तर केशरी-गुलाबी फेटा बांधलेले, गॉगल लावलेले एक गृहस्थ माझ्याकडे करुणेने पाहत होते. फेटा भाड्याचा होता, कारण त्याची चिठ्ठी मागे लोंबत होती.

“काही नाही, सांडा बघतोय,” मी दबक्या आवाजात म्हणालो.

“अरे, तुम्ही मराठी! काय सांडलं?”

“सांडलं नाही. सांडा. प्राणी आहे.”

“किल्ली असेल तर उन्हात चमकते बघा,” असे म्हणून त्यांनी बुटाच्या टोकाने माती उकरायला सुरुवात केली. परोपकारी माणसाला थांबवणे फार कठीण असते. सांडा केव्हाच आत गेला होता, आणि नेमके त्याच बिळाच्या तोंडावर दोन्ही पाय रोवून त्यांनी मला विचारले, “पण इथे प्राणी आहेत तरी कुठे हो? कालपासून एक उंट सोडला तर काही दिसलं नाही.”

“एक तुमच्या पायाखाली आहे,” मी म्हणालो.

त्यांनी टुणकन उडी मारली, मग वाकून बिळात डोकावले आणि चौकशी सुरू केली. चावतो का? सहसा नाही. विषारी? नाही. खातो काय? गवत, पाला, फुले. एखादा किडा क्वचित. हे ऐकताच त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे शाकाहारी! मग आपल्यातलाच की!” आणि लगेच दूरवर उभ्या असलेल्या पत्नीला हाक गेली, “अगं, इकडे ये, शाकाहारी पाल आहे!”

“आपल्यातलाच” या शब्दात मला धरले होते की नाही, हे मी विचारले नाही, कारण तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवले. “याचंच तेल निघतं ना? गुडघ्यांना फार चांगलं म्हणतात.” आमचा हा शाकाहारी नातेवाईक अशा रीतीने दोन मिनिटांत बाटलीत जाऊन बसला. त्या तेलाला औषध म्हणून कसलाही आधार नाही, ते या प्राण्याची चरबी कढवून काढतात, त्याने पळू नये म्हणून आधी जिवंतपणीच त्याचा कणा मोडतात आणि कायद्याने हे सगळे गुन्हा आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग ओरिजिनल कुठे मिळतं?”

यानंतर त्यांनी क्षितिजावरून हात फिरवला आणि म्हणाले, “केवढी जागा नुसती रिकामी पडली आहे!” इथे मात्र मला खरोखर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्या रिकाम्या जागेत समोरच फोगाचे झुडूप उभे होते, जे पानांवर पाणी घालवणे परवडत नाही म्हणून हिरव्या फांद्यांवरच स्वयंपाक उरकतो. पलीकडे तशीच जवळजवळ निष्पर्ण नेपती होती, आणि त्यामागे खोल मुळांच्या जोरावर उन्हाळ्यातही हिरवी राहणारी शमी, जिला तिकडे खेजडी म्हणतात. पाखुर्डीचा नर पोटाची पिसे पाणवठ्यावर भिजवून पिल्लांसाठी मैलोन्‌मैल पाणी वाहून नेतो, तोही असल्याच रिकाम्या जागेत. या सर्वांचा दोष एवढाच, की ते फेटा बांधून समोर येत नाहीत. बरे, हे गृहस्थ एकटेच असे म्हणतात असेही नाही. सरकारी नकाशांतही असल्या जमिनींवर सर्रास ‘पडीक’ असा शिक्का बसतो, पडीक म्हटले की तिथे पवनचक्क्या आणि सौर पट्टे उभारायला जागाच जागा होते, आणि त्यांच्यामागून विजेच्या तारा येतात. पंधरा किलोपर्यंत वजन भरणाऱ्या माळढोकाला समोरचे फारसे दिसत नाही, तार दिसली तरी एवढे अंग ऐन वेळी वळवता येत नाही. मोकळ्या रानात दीडशेही न उरलेल्या या पक्ष्यासाठी तारा जमिनीखाली घालाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये तो बराच सैल केला. हे सगळे मी त्यांना ऐकवणार होतो. परंतु त्यांची नजर माझ्या कॅमेऱ्याकडे गेली होती.

“तुम्ही फोटोवाले का? एका फोटोचे किती घेता?”

“मी पैसे घेत नाही,” मी शक्य तितक्या थंडपणे म्हणालो.

“वा! मग काढा की,” असे म्हणून त्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि पत्नीला शेजारी उभे केले. मी मोबाइल डोळ्यांसमोर धरला, तर त्या दोघांच्या मधल्या फटीतून, मागच्या दुसऱ्या बिळाशी एक भलाथोरला सांडा पुढच्या पायांवर अंग उचलून, शेपटीवरच्या काट्यांची कडी न् कडी उन्हात दाखवत बसलेला. असा सांडा मी कधी पाहिलेला नव्हता. मी हात अजिबात हलू न देता बटण दाबले.

बाईंनी मोबाइल घेऊन फोटो मोठा करून पाहिला. “अहो, तुमचे डोळे मिटलेत. आणि मागे काहीतरी घाणेरडं आलंय. काढून टाका तो.”

“थांबा, तो मला पाठवा,” असे मी ओरडेपर्यंत गृहस्थांचा अंगठा फिरला होता.

“तुम्हाला कशाला हवा?” ते आश्चर्याने म्हणाले, “तुम्ही कुठे होतात त्यात?”