मूल वस्तीवर राहूनच शिकेल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील जावळी खोऱ्यातल्या कातकरी वस्तीवरच्या बालशिक्षणाविषयी मी लिहिलेला लेख आपण बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने हरकती नोंदवल्यात, त्याबद्दल आपली आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : अंगणवाडीत मुलांना त्यांच्या बोलीत बोलू देणे आणि खेकडे-शिंपल्यांशी खेळू देणे म्हणजे मोलाची वर्षे वाया घालवणे होय; पहिलीत प्रमाण मराठीच लागणार असल्याने मुळाक्षरे आणि अंक आधीच गिरवून घ्यावेत; पालकांना शिक्षणाची आस्था असती तर दिवाळी सरताच त्यांनी मुलांना वीटभट्टीवर नेले नसते; आणि म्हणून चौथ्या वर्षापासूनच ही मुले वसतिगृहात ठेवावीत. सांगलीत मुख्याध्यापक म्हणून काम केलेल्या शिक्षकाची तळमळ या शब्दांत आहे. तरीही यातील बहुतेक मुद्दे मला मान्य नाहीत.

या मुलांना प्रमाण मराठी आलीच पाहिजे, याविषयी आपल्यात मतभेद नाही. दवाखान्यात, बाजारात, तहसील कचेरीत तिच्यावाचून त्यांचे अडणार आहे. प्रश्न ती कोणत्या वाटेने यावी, एवढाच आहे. वस्तीवरचे मूल प्रथम अंगणवाडीत येते तेव्हा सेविकेचे बरेचसे बोलणे त्याला कळत नाही, म्हणून ते गप्प बसते. आणि गप्प बसणाऱ्या मुलाला आपण फार लवकर मंद ठरवतो. अशीच एक चार वर्षांची मुलगी पाटीला हात लावत नसे. पावसाळ्यात एके दिवशी ती फडक्यात बांधून खेकड्यांच्या नांग्या घेऊन आली आणि कोणी न सांगता तिने त्यांच्या दोन रांगा लावल्या, एक मोठ्यांची आणि एक लहानांची. मग रांगेतल्या दोन नांग्या तिने बाजूला काढल्या आणि त्या ओढ्यातल्या नसून भातखाचरातल्या आहेत, असे आपल्या बोलीत मला ठणकावून सांगितले. वर्गीकरण, लहान-मोठे, कमी-जास्त, कारण देऊन सांगणे : बालवाडीच्या वयात आपण जे शिकवू पाहतो ते सगळे तिथे घडत होते. मराठी अंक मी तिला त्या नांग्यांवरच शिकवले आणि ते तिने आपणहून मागून घेतले. मुळाक्षरे गिरवण्यासाठी बोटांत लागणारी ताकदही त्या वयात तयार होत असते. ती माती मळून, मणी ओवून, पाने फाडून येते. लहान वयात घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, ही 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचीही भूमिका आहे. हा माझा एकटीचा हट्ट नाही.

पालकांविषयी आपण जे लिहिले आहे, ते मला सर्वांत जास्त लागले. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा परंपरागत धंदा. इंग्रजी अमदानीतील वनकायद्यांनी जंगल बंद होत गेले आणि ही माणसे कोळसा पाडणे, शेतमजुरी, मासेमारी आणि वीटभट्टीकडे वळली. पावसाळ्यात हाताला फारसे काम नसते. त्याच दिवसांत आजारपण येते, नाहीतर घरात लग्न निघते, आणि मग मुकादमाकडून उचल घेतली जाते. ती फेडायला भट्टीवर जावेच लागते. तिथे मजुरी हजार विटांवर ठरते आणि काम नवरा-बायको जोडीने करतात. मागे वस्तीवर सांभाळायला कोणी नसताना चार वर्षांचे मूल आई ठेवणार कुठे? मुलाला सोबत नेणे हा तिच्यापुढचा एकमेव जबाबदार मार्ग असतो. त्याला अनास्था म्हणणे, सर, मला अन्यायाचे वाटते.

अंगणवाडी पुष्कळदा गावठाणात असते आणि वस्ती ओढ्यापलीकडे. त्या वाटेवर मुलांना काय ऐकावे लागते, हेही सांगायला हवे. घरी काय शिजते यावरून चिडवले जाते, खिचडीच्या वेळी कोणी शेजारी बसू देत नाही. दोनदा असे घडले की मूल तिसऱ्यांदा येत नाही आणि आई त्याला पाठवत नाही. पण सेविका वस्तीवर येऊन अंगणात बसली, त्यांच्या हातचा कोरा चहा प्यायली, वजन करताना मुलाचे वजन का घटले हे दटावून न विचारता शांतपणे विचारले, की त्याच आया स्वतःहून मुलाला घेऊन येतात. एका आजीला मी मुलांना गोष्ट सांगायला बोलावले. त्या दिवशी मुले कोणी न सांगता शेवटपर्यंत बसून राहिली.

यात माझे नवे काही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला काम सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा झाली. ज्या योजनेतून आजच्या अंगणवाड्या चालतात, ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

राहता राहिले वसतिगृह. आश्रमशाळांत शिकून अनेक माणसे उभी राहिली, हे मी नाकारत नाही. पण चौथे वर्ष हे आईपासून तोडण्याचे वय नव्हे. कॅनडाने आपल्या मूळनिवासींची सुमारे दीड लाख मुले निवासी शाळांत नेली. तिथे त्यांची भाषा तोंडातून काढून घेतली गेली. त्यातील शेवटची शाळा 1990 च्या दशकात बंद झाली, 2008 मध्ये तिथल्या सरकारला संसदेत माफी मागावी लागली आणि 2015 मध्ये सत्यशोधन आयोगाने या धोरणाला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी उलट वाट धरली. 1982 पासून त्यांनी स्वतःच्या बालवाड्या काढल्या, तिथे आजी-आजोबा मुलांमध्ये बसतात आणि सगळा व्यवहार माओरीत चालतो. आपल्या आश्रमशाळांना मी कॅनडाच्या पंक्तीला बसवत नाही. मात्र घर हाच अडथळा आहे असे मानून आखलेली योजना कुठे जाते, ते तिथे दिसले आहे.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रात येत नाहीत, त्यामुळे अनुसूचित क्षेत्रासाठी असलेल्या सोयी इथल्या विखुरलेल्या वस्त्यांना मिळत नाहीत. शिक्षणहक्क कायदाही सहाव्या वर्षापासून लागू होतो. म्हणजे या मुलांसाठी खरोखर उभी राहू शकते ती अंगणवाडीच.

पाट्या आणि अंकलिप्या पाठवण्याची तयारी आपण दाखवली आहे. पाट्या जरूर पाठवा. अंकलिप्यांऐवजी जाड कोरे कागद आणि रंगखडू मिळाले तर अधिक उपयोग होईल. त्याहून मोठे एक काम आपल्या हातून होण्यासारखे आहे. आमच्याकडची काही कुटुंबे दिवाळीनंतर आपल्याच भागातील भट्ट्यांवर येतात. पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी नोंदणी अ‍ॅपवर स्थलांतरित मुलाची नोंद तिथल्या अंगणवाडीकडे वर्ग करता येते, परंतु भट्टी ते अंगणवाडी हे अंतर कोणीतरी त्या मुलाचे बोट धरून चालावे लागते. गावात आपल्या शब्दाला मान आहे. सेविकाताईंशी आणि भट्टीमालकांशी आपण बोलावे, ही विनंती. कोणती कुटुंबे कोणत्या भट्टीवर निघाली, ते मी पालकांना विचारून आपल्याला कळवीन.

आपली नम्र,
लेखिका