जिद्दीचं कौतुक पुरे, खोली द्या

रात्रपाळी करणाऱ्या नर्सबद्दल आपण दोन तोंडांनी बोलतो. आजारी आईच्या उशाशी ती उभी असली की "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून निभावलं". तीच सकाळी थकून रिक्षातून उतरली की "ही या वेळी कुठून आली?" बडोद्यातल्या आपल्याच मराठी घरांतून हे ऐकते आणि संताप होतो.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी ताई नंदुरबारकडच्या खेड्यातली. विहिरीच्या कामावर नवरा पडला, कमरेखाली लुळा झाला. कोरडवाहू कापूस, डोक्यावर कर्ज. बारावी झालेली होती, म्हणून जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, प्रवेश घेतला. तीन वर्षांचा कोर्स. गाव काय काय बोललं ते ती कधीच सांगत नाही, तिची सासू सांगते. "म्हणाले, सून शहरात गेली ती गेलीच समजा. मी म्हटलं, पोराच्या औषधाचे पैसे तुम्ही देता का? नाही ना, मग गप बसा." सही न येणारी ही म्हातारी मला सुनेइतकीच मोठी वाटते. मुलाचं अंग पुसणं, नातवाची शाळा, सगळं तिने अंगावर घेतलं, तेव्हा कुठे सुनेला पुस्तक उघडता आलं.

म्हणून "काय ती जिद्द!" एवढंच म्हणून पुढे जाणारे मला आवडत नाहीत. बाई एकटीच्या जिद्दीवर किती ओढणार? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसाठीसुद्धा. न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. लोकांची मनं बदलायची वाट बघत ते बसले नाहीत.

आज पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, असं मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून कायदाच सांगतो. ताईच्या जुन्या खासगी रुग्णालयात एका बाळंतिणीने हे विचारलं, तर उत्तर आलं, "मूल लहान आहे तर घरी बसा." इतकं सरळ तोंडावर!

आता ताईची मामेबहीण जूनमध्ये नर्सिंगला येतेय आणि आम्ही खोली शोधतोय. रात्रपाळी म्हटलं की घरमालकांची बोलणी तिथेच संपतात. दांडिया बाजार, रावपुरा भागात कुणाकडे जागा असेल तर मला मेसेज करा. भाडं वेळेवर मिळेल. बाहेरच्या दाराची एक किल्ली मात्र तिच्याकडे हवी.