नुसतं पाणी मारून भागत नाही
पेपर स्प्रेवरच्या एका लेखात म्हटलंय की हा स्वसंरक्षणाचा मिरचीचा फवारा म्हणजे डोळ्यांची थोडी आग, पाणी मारलं की झालं. अहो एवढं सोपं नसतं ते!! त्यातलं कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीला तिखटपणा देणारा घटक, तेलकट असतं, पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ओंजळभर पाण्याने काही होत नाही, भरपूर वाहतं पाणी लागतं आणि कातडीला सौम्य साबण किंवा शाम्पू. आणि चोळायचं तर अजिबात नाही, पण हात जातोच हो डोळ्याकडे आपोआप. माझ्या मैत्रिणीच्या पर्समध्ये चुकून कॅनचं बटण दाबलं गेलं, डोळ्यात थेंबही गेला नव्हता तरी बंद खोलीत आम्ही चौघी खोकून खोकून बेजार.

खरं तर बहुतेक वेळा भाजत काहीच नाही, उष्णता ओळखणारा जो रिसेप्टर असतो ना त्यालाच हे कॅप्सेसिन चिकटतं आणि मेंदूला वाटतं आग लागली. साधारण ३० ते ४५ मिनिटांत जोर उतरतो. पण दमा असलेल्या माणसाचं काय, त्याचा श्वासच अडकू शकतो, त्यावर लेखात एक ओळ नाही. काँटॅक्ट लेन्स असतील तर हात धुवून आधी त्या काढा, नाहीतर तेल तिथेच अडकून बसतं. युद्धात सैनिकांवर असले स्प्रे वापरायला १९९३ च्या रासायनिक शस्त्र कराराने बंदी आहे, पोलिसांना मात्र चालतं, हे मला तरी अजबच वाटतं.