आठशे माणसं आरामात

माझी टेप अजून त्या हॉलच्या मॅनेजरच्या खणात आहे. पाच मीटरची, पिवळी, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. त्यांनी ती जप्त केली असं म्हणता येणार नाही. “बघू जरा” म्हणून हातात घेतली आणि बोलता बोलता खणात टाकून खण सारला. मी अडीचशे माणसांच्या कार्यक्रमासाठी जागा बघायला गेले होते. कार्यक्रम कसला, ते सोडा. माणसं अडीचशे, ती येणार, बसणार, ऐकणार, काहीतरी खाणार आणि घरी जाणार, एवढंच हॉलला कळायला हवं.

साठ फूट लांबीचा हॉल पाच मीटरच्या टेपने मोजायचा तर चार वेळा वाकावं लागतं. तिसऱ्यांदा वाकले असताना मागून आवाज आला.

“मॅडम, काही हरवलं का?”

“नाही. हॉल मोजतेय.”

मी त्यांचं वय विचारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “मोजायचं काय त्यात? पत्रकावर छापलंय ना. साठ बाय चाळीस. आठशे माणसं आरामात.”

आता हे आठशे कुठून येतात ते बघा. साठ गुणिले चाळीस म्हणजे २४०० चौरस फूट. त्यातून वीस बाय बाराचा रंगमंच आणि त्याच्या पुढची मोकळी जागा गेली की हातात राहतात दोन हजार. खुर्च्यांच्या सरळ ओळी लावल्या तर मधल्या वाटांसकट माणशी ८ ते १० चौरस फूट लागतात. म्हणजे २०० ते २५० माणसं, संपलं. गोल टेबलं मांडली, पाच फुटी टेबलाला आठ जण धरले, तर माणशी १२ ते १५ चौरस फूट जातात आणि आकडा १३० ते १६५ वर येतो. आठशे बसवायचे तर रंगमंचावरही माणसं बसवून प्रत्येकाच्या वाट्याला तीन चौरस फूट येतात, म्हणजे पावणेदोन फुटांचा चौकोन. त्यात खुर्ची मावते. गुडघे मावत नाहीत.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा मोठी माणसं ऐकतात, तसं.

“मॅडम, आठशे माणसं एकदम येतात का कधी? काही येतात, काही जातात.”

“पण बसवायची झाली तर?”

“बसवता कशाला? माणूस एकदा बसला की उठत नाही. आमचा अनुभव आहे.”

“माझा कार्यक्रम बसून ऐकायचाच आहे.”

“मग निम्मी बसतील, निम्मी उभी राहतील. मध्यंतरानंतर अदलाबदल करा. होऊन जातं.”

‘होऊन जातं’ हा त्या हॉलचा खरा पाया. विटा-सिमेंट नंतर आलं असावं.

मी खांबांकडे बोट दाखवलं. हॉलच्या मधोमध दीड फूट रुंदीचे चार खांब. खांब रंगमंचाजवळ असला तर फारसा त्रास देत नाही. बसणाऱ्याच्या जितका जवळ, तितका तो रंगमंच खातो. डोळ्यांपासून पाच फुटांवरचा दीड फुटी खांब चाळीस फुटांवरच्या रंगमंचातले बारा फूट झाकतो. वीसातले बारा. उरलेल्या आठ फुटांत वक्ता चुकून आला तर दिसेल.

“या खांबामागच्यांनी बघायचं काय?”

“खांबामागं बसणारे बघायला येतच नाहीत, मॅडम. ते बरोबर खांब शोधून बसतात.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि या एका बाबतीत ते बरोबर असावेत असा मला दाट संशय आहे. ओळखीतले दोन-तीन जण डोळ्यांपुढे येऊनही गेले.

मग मी टाळी वाजवली. रिकाम्या हॉलच्या मध्यावर उभं राहून एक कडक टाळी वाजवायची आणि कान द्यायचा. आवाज तिथंच विरला तर उत्तम. ‘टर्रर्र’ अशी थरथर आली तर समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंती आवाजाची टोलवाटोलवी करतायत, आणि माईकवरचं बोलणंही असंच टोलवलं जाणार. या हॉलमध्ये टाळी गेली, फिरून आली, पुन्हा गेली. मॅनेजर कौतुकाने म्हणाले, “बघा, काय आवाज आहे हॉलला! आणि भरला की घुमत नाही.”

इथे थोडं विषय सोडून बोलते, कारण हा किस्सा मला फार आवडतो. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं आणि त्यात व्याख्याता सोडून सगळं ऐकू येई. ते सुधारायचं काम वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. हा गृहस्थ रात्री दुसऱ्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, हॉलभर मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, घुमणारा आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचा आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी पोचवायचा. त्याच्या हिशेबात एक माणूस साधारण सहा गाद्यांइतका आवाज पितो. म्हणजे आपले अडीचशे पाहुणे म्हणजे दीड हजार गाद्या, आणि त्या स्वतःच्या पायांनी चालत येतात. सॅबिनला मोजताना कुणी हटकलं असेल का, आणि त्याची टेप कुणी खणात टाकली असेल का, असा विचार त्या वेळी मनात आला.

सांगायचं असं की “भरला की घुमत नाही” हे मॅनेजरचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. फक्त हॉल भरायला हवा. ‘मोठाच घेऊ, नंतर अडचण नको’ म्हणून दुप्पट हॉल घेणारे इथेच फसतात. अडीचशे माणसं पाचशेंच्या हॉलमध्ये बसली की कार्यक्रम पडल्यासारखा दिसतो आणि घुमतोही.

हवेचंही तसंच. सकाळी अकराला रिकाम्या हॉलमध्ये एसी लावून दाखवतात आणि आपण शाल असती तर बरं झालं असतं असं म्हणतो. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. अडीचशे माणसं म्हणजे २५ किलोवॉट, म्हणजे एक किलोवॉटचे पंचवीस हीटर ओळीने मांडून ठेवल्यासारखं. एक टन एसी साडेतीन किलोवॉट उष्णता ओढतो, तेव्हा नुसत्या माणसांसाठीच सात टन लागले. दिवे, भिंती आणि सतत उघडणारी दारं वेगळी. म्हणून ‘एसी आहे का’ हा प्रश्न निरुपयोगी. किती टनांचा, कार्यक्रमाच्या किती आधी सुरू करणार आणि वीज गेली तर जनरेटरवर चालतो का, हे तीन विचारावेत. तिसऱ्याचं उत्तर बहुतेकदा दिवे-पंखे चालतात असं येतं.

“जनरेटर किती वेळात सुरू होतो?” मी विचारलं.

“लगेच.”

“आपोआप?”

“आपोआप म्हणजे, वॉचमन खाली जातो ना.”

हॉल दुसऱ्या मजल्यावर, जनरेटर तळमजल्याच्या मागे. वॉचमनचं वय बघता ‘लगेच’ची व्याख्या मी मनातल्या मनात दुरुस्त केली.

लिफ्टवर आठ माणसांची पाटी. अडीचशे भागिले आठ म्हणजे बत्तीस फेऱ्या. दार उघडणं, चढणं, कुणीतरी ‘थांबा थांबा’ ओरडणं हे धरून फेरीला दीड मिनिट, म्हणजे शेवटचा पाहुणा वर पोचायला ४८ मिनिटं. “जिना आहे की,” मॅनेजर म्हणाले. जिना सगळ्यांसाठी नसतो हे सांगितल्यावर त्यांनी प्रवेशाच्या तीन पायऱ्यांसाठी ‘फळी टाकतो’ अशी उदार तयारी दाखवली. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीला बारा फूट उतार लागतो. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा उतार. त्यांची फळी पाच फुटांची होती. तिला मुलांच्या बागेत घसरगुंडी म्हणतात.

विजेचं थोडक्यात सांगते. भिंतीवरचा १६ अँपिअरचा मोठा सॉकेट २३० व्होल्टवर साधारण साडेतीन किलोवॉट पेलतो. अन्न गरम ठेवणारी दोन यंत्रं आणि साउंडवाल्याचा बोर्ड एकाच लाइनवर आले की एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका, पडतो, आणि तो पाहुण्यांचा सत्कार चालू असतानाच पडतो. खाण्याची लाइन आणि माईकची लाइन वेगळी आहे का, हे तोंडी विचारू नका. एमसीबीचा डबा उघडायला लावा.

आता स्वच्छतागृह. इथे मला हसू येत नाही. हॉल बघायला येणारे लोक झुंबर बघतात, पडदे बघतात, फोटो कुठे छान येतील ते बघतात, आणि हे दार उघडतसुद्धा नाहीत. बायकांना वेळ जास्त लागतो हे सगळ्या जगाला माहीत आहे, तरी बांधताना दोन्हीकडे सारखीच जागा सोडायची आणि त्याला समानता म्हणायचं. त्या हॉलमध्ये बायकांसाठी तीन. दीड मिनिट माणशी धरा, पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात एका दाराआड दहा, तिन्ही मिळून तीस. सव्वाशे बायकांपैकी निम्म्याच गेल्या तरी दुसरं सत्र अर्धं होईपर्यंत रांग हलत राहणार. शिवाय तिघांपैकी एकाला कुलूप होतं. आत जादा गालिचे ठेवले होते. “तेवढं होऊन जातं,” मॅनेजर म्हणाले. कुणाचं होऊन जातं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आणि मागचं दार. रंगमंचाच्या उजवीकडे, वर हिरवी पाटी, पुढे खुर्च्यांची चळत.

“हे उघडतं का?”

“ते बंदच असतं. नाहीतर फुकटे शिरतात.”

“आत उघडतं की बाहेर?”

“उघडतच नाही म्हटल्यावर काय फरक पडतो?”

फरक पडतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये खेळ संपताना मुलं खेळणी घ्यायला जिन्यावरून खाली धावली. खालचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि एकेकच जाईल इतक्या फटीवर बोल्ट लावून ठेवलेलं. १८३ मुलं गेली. मागून गर्दी रेटत असली की आत उघडणारं दार कुणालाच उघडता येत नाही, हे तेव्हा कळलं. बाहेर उघडणारी दारं आणि नुसतं ढकललं की सुटणारे आडवे दांडे त्यानंतर आले. मी हे मॅनेजरना सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “आपल्याकडे खेळणी वाटत नाहीत, मॅडम.”

मी टेप मागितली. ते म्हणाले, “बुकिंग करा, त्या दिवशी देतो.” डिपॉझिट हॉल घेणाऱ्याने द्यायचं असतं हे मला माहीत होतं, हॉल न घेणाऱ्याचंही ठेवून घेतात हे नवीन होतं. वाद घातला असता, पण तेवढ्यात त्यांना फोन आला आणि ते कुणाला तरी “आठशे, आरामात” सांगू लागले.

मी दुसरी जागा ठरवली आहे. लहान आहे, खांब नाही, तळमजल्यावर आहे. ज्या वेळी कार्यक्रम आहे त्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी, जाऊन बघितली, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येतं हे कळलं. काळं कापड लावून देतो असं त्यांनी लेखी दिलंय. खुर्च्या मांडायचा वेळ भाड्याच्या तासांत धरणार की नाही, हेही त्याच कागदावर आहे.

काल संध्याकाळी फोन वाजला. जुन्या हॉलचे मॅनेजर.

“मॅडम, त्या तुमच्या टेपवर एका बाजूला फूट आहेत ना?”

“हो. का?”

“काही नाही. हॉल छप्पन्नच भरतोय. दोनदा मोजला.” थोडा वेळ कुणीच बोललं नाही. “चार वेळा वाकावं लागतं हो, पाठ गेली,” ते म्हणाले, आणि मी टेपचं विचारायच्या आत फोन ठेवला.