फॉलिकची गोळी दिवस राहण्याआधी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही जरा ऐसपैस उत्तर देते. ‘मूल हवं असं ठरलं की लगेच फॉलिक ॲसिड सुरू करा’ हा माझा आग्रह तुम्हाला घाबरवणारा वाटला, औषध कंपन्यांची जाहिरातही वाटली. तुमचं म्हणणं असं की बाळाची मज्जासंस्था नऊ महिने घडत असते, मग घाई कशाला? आज्या-पणज्यांनी पालेभाजीवर निभावलंच ना? आणि सुनेला दुसरा महिना लागल्यावर डॉक्टरांनी गोळी दिली, त्यात काय बिघडलं?

पहिलं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नऊ महिनेच काय, हे काम जन्मानंतरही चालूच असतं. तान्ह्या बाळाचा तळवा टाचेकडून बोटांकडे हलकेच खरवडून बघा, अंगठा बहुधा वर जाईल. मोठ्या माणसाचा खाली वळतो. मेंदूकडून पायाला हुकूम नेणाऱ्या तंतूंवर बाळात मायलिन या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण अजून पुरतं चढलेलं नसतं, म्हणून हा फरक. मेंदूच्या पुढच्या भागात तर ते विशी उलटली तरी चढत असतं.

पण मेंदू आणि मज्जारज्जूच्या पेशी ज्या नळीच्या भिंतीत जन्मतात, ती नळी मिटण्याचं काम काही दिवसांतच उरकतं. ज्या थरापासून पुढे आपली कातडी होते, त्याचाच पाठीवरचा पट्टा तिसऱ्या आठवड्यात जाड होतो. त्याच्या कडा उचलल्या जातात आणि करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा एकमेकींना भिडतात. सुरुवात मानेच्या आसपास होते, तिथून जोड वर आणि खाली सरकत जातो. डोक्याकडचं तोंड गर्भधारणेपासून साधारण 25व्या दिवशी मिटतं, शेपटाकडचं 28व्या. गर्भ तेव्हा जेमतेम 4 मिलिमीटर लांब असतो. वरचं तोंड उघडं राहिलं तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी बनतच नाही, असं बाळ वाचत नाही. खालचं राहिलं तर स्पायना बायफिडा, म्हणजे दुभंगलेला कणा. त्याच्या गंभीर प्रकारात पायाची कातडी धड असते, पण तिथला स्पर्श मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत पोचत नाही. बूट चावून जखम झाली तरी मुलाला कळत नाही. लघवीवरचा ताबाही जातो.

ही नळी नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं. आता हिशेब करा. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, गर्भधारणा होते त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. म्हणजे नळी मिटते तेव्हा पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. कित्येकींची तोवर तपासणीसुद्धा झालेली नसते. आशाताई चौथ्या महिन्यापासून देतात ती लोह-फॉलिकची लाल गोळी रक्तासाठी गरजेचीच आहे, पण तोवर नळी मिटून गेलेली असते, म्हणून या कामाला तिचा उपयोग नाही.

पालेभाजीचं म्हणाल, तर फोलेटची, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या नैसर्गिक रूपाची, कथा सुरू होते ती मुंबईतच. 1928 साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली, गिरणी कामगार गरोदर बायकांचा पांडुरोग अभ्यासायला. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो, हे तिनं 1931 मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं. भाजीत ते असतंच, पण पाण्यात विरघळतं, उष्णतेनं नासतं. मेथी-पालक उकडून पाणी ओतून दिलं की बरंचसं मोरीत गेलं. शिवाय गोळीतलं शरीरात जास्त शोषलं जातं. भाजी खाऊच नका, असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

पुरावा म्हणाल तर 1991चा ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेचा अभ्यास बघा. 7 देशांतल्या, आधी नळी न मिटलेलं बाळ झालेल्या 1817 स्त्रिया त्यात होत्या. फॉलिक ॲसिडनं पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटला. शंभर टक्के नव्हे, हेही लक्षात घ्या. आनुवंशिकता, आईचा मधुमेह, फिट्सची काही औषधं यांचाही वाटा असतो. आणि कंपन्यांना मालामाल करणारी ही गोळी नाही हो, औषधाच्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त गोळ्यांपैकी ती एक.

नेहमीचा डोस रोज 400 मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून बारावा आठवडा संपेपर्यंत. आधी असं बाळ झालं असेल तर त्याच्या दहापट, तोही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. मनानं जास्त घेऊ नये. शाकाहारी घरांत बी-12 कमी असतं आणि जादा फॉलिकमुळे ती कमतरता रक्ताच्या तपासणीत झाकली जाऊ शकते.

राहिली सूनबाई. गोळी उशिरा सुरू झाली म्हणून काळजी करत बसू नका. गोळी न घेतलेल्या आयांचीही बहुतेक बाळं धडधाकट जन्मतात. गोळी चालू ठेवा, अकरा ते तेरा आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, आणि अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचा कणा नीट बघायला डॉक्टरांना आवर्जून सांगा.