किलोचं चांदीचं नाणं आणि कापसाचा चुकारा: त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

कापसाचे चुकारे खात्यात पडायला लागले की दरवर्षी काही ना काही फिरतंच, यावेळी आपल्या बुलडाणा-अकोला-अमरावतीकडच्या ग्रुपांवर चांदीचा मेसेज फिरून राहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. "कास्तकारांनो, पैसा बँकेत सडवू नका, एक किलोचं चांदीचं नाणं घेऊन ठेवा. टाकसाळीचं आहे म्हणून शुद्धतेची गॅरंटी. डीलर प्रीमियम लावतो पण विकताना तो परत भेटतो. चांदी कधी पडत नाही. अडचणीत बँक लगेच कर्ज देते. शेतीच्या पैशाची आहे म्हणून टॅक्स नाही. आणि जगातली चांदी संपत आली." खाली विदेशी टाकसाळीच्या तळहाताएवढ्या नाण्याचा चकचकीत फोटो अन बुकिंगचा नंबर.

राजेहो, मी चांदीच्या विरोधात नाही. खामगावसारखी रजतनगरी ज्यांच्या बाजूला आहे त्यांना चांदी काय असते हे कोणी शिकवायला नको, आपल्याकडे घरोघरी तोडे-वाळे-पायपट्ट्या होत्या अन अडीअडचणीत त्याच कामी आल्या. माझं भांडण त्या नाण्यावर लागणाऱ्या प्रीमियमशी आहे, म्हणजे चांदीच्या भावावर डीलर जो जादा पैसा घेतो त्याच्याशी, कारण बाकी सगळ्या मुद्द्यांच्या खाली तोच दडवलेला आहे.

म्हणून आधी तोच मुद्दा घेतो, "प्रीमियम परत भेटतो". कोणाकडून भेटतो, हे मेसेजमध्ये कुठंच लिहिलेलं नाही. हिशोबापुरता भाव १ लाख रुपये किलो धरा, आजचा खरा भाव काहीही असो, टक्के तेच राहतात. डीलरने ८ टक्के प्रीमियम लावला तर नाणं झालं १,०८,००० चं. त्यावर ३ टक्के जीएसटी, आणि तो नुसत्या चांदीवर नाही तर प्रीमियमसकट पूर्ण रकमेवर, म्हणजे ३,२४० रुपये. खिशातून गेले १,११,२४०. आता तेच नाणं त्याच दिवशी सराफाकडे मोडायला न्या. तो वजन बघतो, टंच म्हणजे शुद्धता बघतो, आणि बाजारभावातून आपली घट कापतो. ३ टक्के कापले तर हातात येतात ९७,०००. म्हणजे भाव एक रुपयाही न हलता १४,२४० रुपये गेले. मुद्दल निघायला चांदी १ लाखावरून जवळपास १ लाख १४ हजार ७०० वर जायला पाहिजे, तेव्हा कुठं तुम्ही शून्यावर. भरलेला जीएसटी तर तुमच्या-माझ्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाला कधीच परत येत नाही. हाच हिशोब फक्त १ टक्का प्रीमियम घेणाऱ्याकडच्या साध्या किलोच्या विटेचा करा, १,०४,०३० ला पडते, नुकसान निम्म्यावर येतं. चांदी तेवढीच, टंच तोच.

फोटोतल्या नाण्यावरचा पक्षी, मर्यादित आवृत्तीचं सर्टिफिकेट, कॅप्सूल, मखमली डबी, या सगळ्याला किंमत देणारं गिऱ्हाईक जगात आहे, मी नाही म्हणत नाही, पण ते नाणी जमवणारं गिऱ्हाईक आहे आणि ते मेहकर, दर्यापूर, दारव्ह्याच्या सराफ्यात बसलेलं नाही. बियाण्याच्या थैलीवरचं चित्र पेरल्या जात नाही, तसंच हे. आणि जमवणाऱ्याला सुद्धा नाणं डाग नसलेलंच लागतं. चांदी गंधकाने काळी पडते, आणि आपल्याकडे ज्या खोलीत फवारणीचं गंधक, खतं, बॅटऱ्या ठेवतो त्याच खोलीतल्या कपाटात पेटी असते. घासून चमकवलं की जमवणाऱ्यासाठी त्याची किंमत अजूनच उतरते.

प्रीमियम कसा फुगतो अन कसा बसतो ते ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. धनत्रयोदशीच्या तोंडावर देशात माल कमी पडला, इथली चांदी परदेशातल्या भावाच्या बरीच वर चालली, इतकी की काही म्युच्युअल फंड कंपन्यांनी आपल्या सिल्व्हर फंडात एकरकमी पैसा घेणंच काही दिवस थांबवलं. दिवाळी झाली आणि तो वरचा भाव उतरला. ज्यांनी गर्दीत उभं राहून प्रीमियम मोजला त्यांना तो द्यायला नंतर कोणी आलं नाही.

"टाकसाळीचं म्हणून शुद्ध." हे अर्धं खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या टाकसाळीचं किलोचं नाणं ९९९ च्या (हजारात ९९९ भाग चांदी) वरचंच असतं, त्यावर ३० डॉलर असं दर्शनी मूल्यही छापलेलं असतं, पण ते आपल्या इथं चलन नाही म्हणून त्या आकड्याचा आपल्याला काही उपयोग नाही. पण "सरकारी नाणं म्हणजे शुद्ध चांदी" हे साफ चूक. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं आपल्याच सरकारने काढलं, ३५ ग्रॅमचं, त्यात चांदी ५० टक्के, बाकी ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल-जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. स्मरणिका म्हणून उत्तम वस्तू आहे, घ्या, पण चांदी म्हणून वजन करू नका.

आणि नाणं जेवढं जाड, तेवढी आत काय आहे याची शंका मोठी. टंच काढायची मशीन वरचा पातळ थरच वाचते. त्यामुळे सराफ म्हणतो कॅप्सूल खोलू द्या, भोक पाडून बघू द्या, आणि डीलरने तर सांगितलेलं असतं की कॅप्सूल खोललं की प्रीमियम गेला. आता काय करता? कॅप्सूल खोलायची तयारी असेल तर घरी एक ढोबळ तपासणी होते. चांदीची घनता १०.४९ आहे, म्हणून १ किलो शुद्ध चांदी पाण्यात बुडवली की साधारण ९५ मिली पाणी सरकवते. तांब्याचं पोट असेल तर जास्त सरकेल, शिशाचं असेल तर कमी. दोन्हींचं मिश्रण करून फसवणारा असला तर यातूनही सुटेल, म्हणून पक्क्या बिलाशिवाय अन ओळखीच्या पेढीशिवाय एवढं जाड नाणं घेऊच नये.

"बँक लगेच कर्ज देते." हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला, कारण कास्तकाराला नेमकं इथंच फसवलं जाते. आपल्याला पैसा कधी लागतो? जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर. रिझर्व्ह बँकेने सोनं-चांदी तारण कर्जाचे नियम जून २०२५ मध्ये काढले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यात चांदीच्या दागिन्यांवर एका कर्जदाराला १० किलोपर्यंत मुभा आहे, नाण्यांवर मात्र एकूण ५०० ग्रॅमपर्यंतच, आणि लगडी-विटांवर कर्जच नाही. मग एक किलोचं एकसंध नाणं त्या मर्यादेत बसवायचं कसं? अर्धं कापून तारण ठेवणार काय? म्हातारीचे तोडे बँकेत चालतील, हे नाणं चालणार नाही. मग उरतो सावकार, नाहीतर पडेल त्या भावात मोड. आणि मोडायचं तरी पूर्णच मोडावं लागते, तीस हजाराची गरज असली तरी. १०० ग्रॅमची दहा नाणी असती तर त्यातली लागतील तेवढीच काढता आली असती.

"चांदी कधी पडत नाही." जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेत हंट बंधूंनी चांदी साठवून भाव औंसाला (साधारण ३१ ग्रॅमला) ५० डॉलरच्या जवळ नेला, मार्चच्या शेवटी तो ११ डॉलरच्या खाली आला. परत ५० च्या जवळ यायला एप्रिल २०११ उजाडलं आणि ५० ओलांडून वर जायला ऑक्टोबर २०२५. आपल्या रुपयात बघा, एप्रिल २०११ मध्ये किलो सत्तर हजाराच्या वर गेली होती, २०१५ संपता संपता पस्तीस हजाराच्या आसपास होती, सत्तर हजार परत दिसले ते २०२० मध्ये. नऊ वर्षं! पोरीचं लग्न अन पोराची फी नऊ वर्षं थांबत नाही. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये आयात शुल्क १५ वरून ६ टक्के केलं तेव्हा तर जगाच्या बाजाराचं काही कारण नसताना इथला भाव त्याच दिवशी उतरला.

टॅक्सचं लवकर सांगतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्या पैशातून घेतलेल्या चांदीवरचा नफा हा शेतीचं उत्पन्न नाही. २४ महिन्यांनंतर विकली तर नफ्यावर साडेबारा टक्के, आधी विकली तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. एकूण उत्पन्न कमी असेल तर भरावा लागणारही नाही, पण घेतल्याचं बिल नसेल तर खरेदी कितीला होती हे सिद्ध कसं करणार? आणि दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं दुकानदारालाच कायद्याने चालत नाही, म्हणून "बिल नको, रोख द्या, जीएसटी वाचवा" म्हणणाऱ्यापासून लांबच राहा.

"चांदी संपत आली." सोलर, इलेक्ट्रॉनिक्समुळे मागणी वाढली हे खरं, निम्म्याहून जास्त चांदी आज उद्योगात जाते. खाणीतली बहुतेक चांदी शिसं-जस्त, तांबं, सोन्याबरोबर निघते, म्हणून भाव वाढला की लगेच उत्पादन वाढत नाही हेही खरं. पण भाव चढला की घराघरातली जुनी चांदी मोडीत निघते, आणि कारखाने कमी चांदीत काम भागवायचा मार्ग शोधतात. आणि समजा भाव वाढलाच, तर तो विटेचा पण वाढेल अन पायपट्ट्यांचा पण, त्यासाठी फोटोतल्या नाण्यालाच ८ टक्के जास्त काहून द्यायचे?

घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी डीलरला एकच विचारा, "भाऊ, हेच नाणं आज तुम्हालाच परत विकलं तर किती देता, बिलावर लिहून द्या." तो लिहून देईल तो आकडा अन तुम्ही देणार तो आकडा शेजारी मांडा. लिहून द्यायला टाळाटाळ केली तर उठून या.

ज्यांनी आधीच घेतलं त्यांनी घाबरून आज मोडू नका, प्रीमियम गेला तो गेला, आत चांदी आहे. कॅप्सूल खोलू नका, बिल अन सर्टिफिकेट नाण्यासोबत नाही तर वेगळं ठेवा, आणि विकायची वेळ आली तर गावातल्या एकाच दुकानावर न थांबता खामगाव, अकोला, अमरावतीत दोन-तीन ठिकाणी घट किती कापता ते विचारून, पैसे खात्यात घेऊनच द्या. पेरणीच्या पंधरवड्यात मात्र विकायला नेऊ नका, तेव्हा तुमची गरज समोरच्याला तुमच्या चेहऱ्यावर दिसते.